थैलीला आवाज नको

फाटकी नोट दुकानदार घेत नाही, एसटीचा कंडक्टर घेत नाही, देव मात्र घेतो, असा आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एक समज आहे. कुणी तो बोलून दाखवत नाही. पण रविवारी उपासना संपल्यावर चर्चचा कारभार पाहणारे पंच आतल्या खोलीत अर्पणाच्या थैल्या टेबलावर उलट्या करतात, तेव्हा तो आपोआप बाहेर पडतो. चिकटपट्टी लावलेल्या नोटा, कोपरा गेलेल्या नोटा, पँटच्या खिशातून धुऊन निघालेल्या नोटा. मध्यंतरी दुकानदार दहाची नाणी घेईनासे झाले, ती सगळी आमच्याकडे मुक्कामाला आली. 2016 च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, तेव्हा पुढच्या रविवारी जुन्या पाचशेच्या नोटा निघाल्या. मी या मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू; खजिनदार मला म्हणाले, "बघा पाळकसाहेब, मंडळी किती उदार झाली!" मग त्या नोटा घेऊन बँकेच्या रांगेत तेच उभे राहिले.

आमच्याकडे अर्पण ताटात घेत नाहीत, थैलीत घेतात. मरून मखमलीची, लाकडी मुठीची, चांगली खोल थैली. ताटात टाकलेली नोट शेजारच्याला दिसते. थैलीत हात मनगटापर्यंत जातो आणि बाहेर येतो; आत काय सोडलं ते ज्याचं त्याला ठाऊक. काही हात नुसतेच जाऊन येतात. महिनाअखेरीला असे हात जास्त असणार, असा माझा अंदाज आहे. अंदाजच, कारण ते कळू नये अशीच थैलीची रचना आहे.

या थैल्या मंडळीतल्या एका आजींनी शिवल्या. आतून त्यांनी मऊ सुती कापडाचं दुहेरी अस्तर लावलं आणि तळाशी थोडा कापूस भरला. इतकी मेहनत कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "नाणं वाजू नये म्हणून. ज्याच्याकडं नाणंच हाय, त्येनं काय मान खाली घालून बसायचं?" एवढं बोलून त्यांनी दातानं दोरा तोडला. दानधर्मावर मी बरेच उपदेश केले आहेत. त्यातल्या एकातही हे अस्तर नव्हतं.

यरुशलेमच्या मंदिरात रीत वेगळी होती. तिथे कर्ण्याच्या आकाराची तेरा दानपात्रं होती, असं यहुद्यांच्या मिश्ना ग्रंथात नमूद आहे. वर निमुळती, खाली रुंद. तेव्हा कागदी नोटा नव्हत्याच, जे काय द्यायचं ते नाण्यांत. श्रीमंतानं मूठ मोकळी केली की खळखळाट अंगणभर ऐकू जात असणार. अशा भांडारासमोर येशू बसला होता आणि लोक पैसे कसे टाकतात ते पाहत होता, असं बायबलमधल्या शुभवर्तमानात मार्क सांगतो. एक गरीब विधवा आली आणि तिनं दोन टोल्या, म्हणजे एक दमडी टाकली. येशूनं शिष्यांना बोलावून सांगितलं की सगळ्यांपेक्षा हिनं जास्त टाकलं. बाकीच्यांनी उरलेल्यातून दिलं, हिनं होतं नव्हतं ते सगळं दिलं.

चर्चचं छप्पर गळायला लागलं की ही विधवा आमच्या व्यासपीठावर हमखास येते. बिचारीनं किती छपरं शाकारली असतील! पण मार्कचा तो बारावा अध्याय थोडा मागे जाऊन वाचावा. ही गोष्ट सुरू होण्याच्या अगदी आधी, लांब झगे घालून फिरणाऱ्या, मानाच्या जागा शोधणाऱ्या, लांबलचक प्रार्थना करणाऱ्या आणि विधवांची घरं गिळून टाकणाऱ्या शास्त्र्यांवर येशू कडाडलेला आहे. पुढचा अध्याय उघडताच तो त्या भव्य मंदिराविषयी सांगतो, की इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. या दोन्हींच्या मधोमध ती बाई उभी आहे. तिचं कौतुक खरंच आहे. पण तिची शेवटची दमडी घेणारं भांडार आणि ते चालवणारे लोक यांच्याबद्दलही तिथे काही बोललं जातंय, असं मला वाटत आलंय. झगा मीही घालतो. लांब प्रार्थना करण्याबद्दलही माझी ख्याती आहे; तान्ही मुलं घेऊन बसलेल्या आया साक्ष देतील.

म्हणून देणाऱ्याला शिकवण्यापेक्षा घेणाऱ्याला शिस्त लावण्याकडे माझा ओढा आहे. प्रेषित पौलानं मासेदोनिया आणि करिंथ इथल्या मंडळ्यांकडून यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, तेव्हा पैसा एकट्यानं नेला नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली आणि तसं पत्रात लिहूनही ठेवलं, की या रकमेवरून कुणी आमच्यावर बोट ठेवू नये. आमच्याकडे दोघे पंच मोजतात, तिसरा वहीत लिहितो. मी त्या वेळी खोलीत थांबत नाही. लिफाफ्यातला दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, कुणाचा किती, हेही मी विचारत नाही. एकदा कळलं की संपलं. मग आजाऱ्याच्या घरी जाताना पाय आपोआप कुठल्या गल्लीत आधी वळतील, याची खात्री मला माझ्याबद्दल देता येत नाही.

थैलीतून पैशांबरोबर चिठ्ठ्याही निघतात, आणि त्या मात्र माझ्याकडे येतात. पोराचं पोलीस भरतीचं मैदान आहे. सासूबाईंचा गुडघा. मालकांची दारू सुटावी. वाटणीची केस. एका चिठ्ठीत फक्त एवढंच होतं: "प्रार्थना करावी. नाव लिहीत नाही." अक्षर बाईमाणसाचं वाटलं, पण तेही मी ठरवायचं कशाला? अशा चिठ्ठीवर प्रार्थना करणं अवघड जातं. नाव असलं की चेहरा समोर येतो, घर दिसतं, त्या घराबद्दलची आपली मतंही रांगेत येऊन उभी राहतात. बिननावाच्या माणसासाठी देवापुढे बसल्यावर बोलायला काही उरतच नाही. त्या चिठ्ठीपुरती माझी प्रार्थना फार आखूड झाली. मंडळीला समजलं तर चिठ्ठी लिहिणाऱ्याचे आभार मानतील.

शेजारपाजारचे हिंदू लोकही प्रार्थना करायला सांगतात. मंगळवारी, शुक्रवारी अंबाबाईला न चुकता जाणाऱ्या एक वहिनी आहेत. मुलाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा दारातूनच म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुमच्याकडनंबी जरा सांगा की." कोल्हापुरात अशा कामाला कुणी हद्द आखत नाही.

हे सगळं गुपचूपपणाचं कौतुक चाललंय खरं, पण हंगामाच्या सणाला आमच्याकडे याच्या नेमकं उलट चालतं आणि तेही मला फार आवडतं. त्या दिवशी वेदीपुढे उसाच्या मोळ्या, गुळाचे रवे, भुईमुगाच्या शेंगा, नारळ, अंडी, भोपळे यांची रास लागते. पाय बांधलेला एखादा कोंबडा उपदेशाला मधूनमधून अनुमोदन देतो. उपासना झाली की पटांगणात लिलाव. लिलाव पुकारणारे आमचे पंच एरवी बँकेत अतिशय हळू आवाजात बोलतात. त्या दिवशी एका लिंबावर त्यांचा घसा बसतो. "पाचशे एकवार! पाचशे दोनवार! अहो, मामा बसले की गप्प! जावई सहाशे म्हणतोय!" मामा हजारावर जातात, लिंबू घेतात आणि तिथल्या तिथे मंडळीला परत देतात. लिंबू पुन्हा लिलावाला उभं राहतं. दुपारपर्यंत त्या लिंबाची किंमत एखाद्या दुभत्या शेळीच्या आसपास जाते. इथे सगळ्यांना सगळं दिसतं, आणि कुणाला कमीपणा येत नाही, कारण हा खेळ आहे हे सगळे जाणून असतात. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये हे वचन त्या दिवशी जरा पटांगणाबाहेर थांबतं. येशू आला असता तर त्यानंही बोली लावली असती, असं माझं खासगी मत आहे. व्यासपीठावरून मी ते सांगत नाही.

पाळकाचा धंदा मुळात घेण्याचा. आम्हाला म्हणायचं सेवक, आणि कुठेही गेलो की खुर्ची पहिली, चहा पहिला, शाल-नारळ पहिला. घरभेटीला गेलं की "च्या घेतल्याशिवाय जायाचं न्हाई," आणि चहाच्या मागोमाग पोहे. खरी सेवा चाललेली असते ती प्रभुभोजनानंतर, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीनंतर, मोरीवर, ते छोटे छोटे पेले धुणाऱ्या बायांची. त्यांना शाल दिलेली मी पाहिली नाही. दिली तर ती पांघरून पेले कसे धुणार, हाही प्रश्न आहेच.

एक पाळकच कशाला, इथली मंडळीसुद्धा घेण्यातूनच उभी राहिली. 1852 साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. पुढे त्यांना पाठवणाऱ्या मिशन बोर्डानं हात काढून घेतला, तेव्हा काही वर्षं त्यांनी मिळतील त्या देणग्यांवर काम चालवलं. सातासमुद्रापलीकडून कुणीतरी आपल्या पैशातले पैसे पाठवत होतं, ज्यांना पंचगंगा कुठे आहे हे सांगता आलं नसतं. त्यांची नावं आमच्या कुठल्याही पाटीवर नाहीत.

घेणं किती अवघड असतं ते 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात सगळ्या कोल्हापूरनं पाहिलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या वेळी पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं. कालपर्यंत दुसऱ्यांना दूध घालणारी, उसाची बिलं उचलणारी माणसं शाळांत, सभागृहांत सतरंजीवर बसली होती. मदत अफाट आली. भाकऱ्यांच्या चळती आल्या, पाण्याच्या बाटल्या आल्या, आणि जुन्या कपड्यांचे ढीग आले, त्यात आमच्या फाटक्या नोटांचे भाऊबंदही होते. एका बाईनं ढिगातली साडी उचलली, उलगडली, घडी घालून परत ठेवली आणि स्वतःची ओलीच पिळून नेसली. तेवढ्यात कुणीतरी बिस्किटाचा पुडा तिच्या हातात देता देता फोटोसाठी थांबलं. बाई पुडा धरून थांबली. फोटो झाल्यावर तिनं तो शेजारच्या पोराला दिला. त्यानंतर आम्ही वाटपाला जातो तेव्हा मोबाईल गाडीत ठेवून जातो. तरुण संघाला हे अजून पटलेलं नाही. फोटो नसेल तर अहवालात काय लावायचं, असं ते विचारतात. त्यांचंही अगदीच खोटं नाही.

आता पंच-कमिटीपुढे क्यूआर कोडचा विषय आहे. तरुण पोरांच्या खिशात पैसेच नसतात, मोबाईल असतो; थैली पुढून गेली की ती ओशाळतात. तेव्हा कोड हवा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. खजिनदार उत्साहानं बोलणारा डबाही घेऊन आले, भाजीवाल्याकडे असतो तसला. हिशेब चोख राहील, म्हणाले. मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं: मंडळी गुडघे टेकून पापांगीकार करतेय, आणि मागून बाईचा खणखणीत आवाज, "दहा रुपये प्राप्त झाले." यरुशलेमचे तेरा कर्णे एका डब्यात! चर्चा बरीच झाली. शेवटी कोड ठेवायचा, डबा परत द्यायचा आणि उपासना चालू असताना खजिनदारांनी फोन बंद ठेवायचा असं ठरलं. शेवटचं कलम त्यांना जड गेलं.

थैल्यांची मखमल मात्र आता विरली आहे. आजींचे डोळे गेले, पण सून शिवेल म्हणाल्या, माप मी सांगते. परवा कापड आणायला महाद्वार रोडला गेलो. दुकानदारानं कशासाठी हवं ते विचारलं, मी सांगितलं. त्यानं तागा खाली घेतला, मीटरभर फाडला आणि पैसे घेईना. "देवाचं काम हाय, न्या की." मी एकदा आग्रह केला. दुसऱ्यांदा करणार होतो, पण म्हटलं, लोकांना घ्यायला शिकवतोस, मग घे. कापड पिशवीत ठेवलं. अस्तराचं सुती कापड, मरून दोरा आणि सुया असं बाकीचं सामान त्यानं काउंटरवर मांडलं.

"ह्याचे एकशे चाळीस झाले," तो म्हणाला.