बाटली तुमच्यासमोरच उघडू: आमची वाटचाल

लंडनमध्ये जुन्या रेड वाइनची टेस्टिंग भरवणारे बरेच आहेत. पन्नास-साठ वर्षांची बाटली पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत उघडणारे आणि ती बिघडलेली निघाली तर नुकसान स्वतः सोसणारे मात्र मोजकेच. आम्ही दोघं नवरा-बायको 2009 पासून हेच करतो आहोत. 2022 मध्ये ‘त्यांचा सगळा माल उष्णतेनं शिजलाय’ असं आमच्याबद्दल जे पसरवलं गेलं ते अनेकांच्या कानावर आलं असेल. त्यांनी आमची बाजूही एकदा वाचावी.

आमचे पहिले भागीदार एक निवृत्त इंग्रज सेलरमन, म्हणजे वाइनच्या तळघरात काम केलेले गृहस्थ. तरुणपणी त्यांनी स्वतःच्या हातांनी पिपांतली क्लॅरेट, म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दोची रेड वाइन, बाटल्यांत भरलेली. बोर्दोची वाइन तेव्हा पिपांतूनच ब्रिस्टल-लंडनला यायची आणि इथले व्यापारी ती भरून आपलं लेबल लावायचे. सगळी वाइन शातोतच, म्हणजे जिथे ती बनते त्या मळ्यावरच, भरायची असा हट्ट शातो मुताँच्या बॅरन फिलिपनी 1924 मध्ये धरला, पण तो सगळ्यांच्या अंगवळणी पडायला पुढची अनेक दशकं गेली. त्यामुळे 1950-60 च्या दशकांतल्या इंग्लिश बॉटलिंगच्या बाटल्या लिलावात आजही स्वस्त पडतात. आत वाइन तीच! कोणता व्यापारी नीट भरायचा आणि कोण हलगर्जी, हे साहेबांना तोंडपाठ होतं. आमच्याजवळ भांडवल नव्हतंच. त्यांच्या या माहितीवर पहिली काही वर्षं निघाली.

त्यांची हत्यारं आता आमच्याकडे आहेत. साध्या स्क्रूनं जुनं बूच मधोमध फाटतं, म्हणून दोन पात्यांचा आ-सो. बूच अगदीच भुसभुशीत असेल तर स्क्रू आणि पाती दोन्ही एकत्र असलेला ड्युरँड. आणि व्हिंटेज पोर्टसाठी (पोर्तुगालची गोड, कडक वाइन) लोखंडी चिमटा: तो लालबुंद तापवायचा, बुचाच्या खाली मानेवर धरायचा, मग त्याच जागी थंडगार ओलं फडकं लावायचं. काच एका रेषेत तुटते, बुचाला हात लावावा लागत नाही. गाळ बघायला साहेब मेणबत्तीच वापरायचे. आम्ही टॉर्च घेतला, तो त्यांना शेवटपर्यंत आवडला नाही. बाटली मात्र निदान दोन दिवस आधी उभी करून ठेवायची, यावर कधी वाद झाला नाही. टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट अंश) आणि रंगद्रव्यं एकमेकांना धरून जड होतात आणि तळाशी बसतात. म्हणून तर वाइनचा रंग विटकरी होतो आणि जिभेवरचा तुरटपणा मऊ पडतो. तो गाळ ढवळला की पन्नास वर्षांची वाट बघणं वाया.

2012 मध्ये अमेरिकेत दुर्मीळ वाइन विकणाऱ्या रूडी कुर्नियावानला अटक झाली आणि घरच्या स्वयंपाकघरात तो फ्रान्समधल्या बरगंडीची महागडी वाइन कशी ‘बनवत’ होता हे जगासमोर आलं. त्यानंतर गिऱ्हाईक पहिल्यांदाच बाटली कुठून आली याचे कागद मागू लागलं. आमच्याकडे प्रत्येक बाटलीची पावती पहिल्या दिवसापासून होती. ती वर्षं चांगली गेली. त्यांत सांगण्यासारखं फार नाही.

मग 2022 चा जुलै आला. 19 तारखेला कॉनिंग्जबीला 40.3 अंश नोंदले गेले, या देशात कधी नव्हे इतके. आमचा बाँडमधला (कर भरायच्या आधी राखून ठेवलेला) माल ज्या गोदामात होता, तिथली शीतयंत्रणा त्या आठवड्यात बंद पडली. आम्हाला कुणी कळवलं नाही. पत्र नाही, फोन नाही. सप्टेंबरच्या बैठकीसाठी पेट्या काढल्या तेव्हा काही बाटल्यांची बुचं त्यांच्यावरचं वेष्टन (कॅप्सूल) ढकलून वर आलेली दिसली, मानेवर चिकट ओघळ होते. उष्णतेनं द्रव फुगतो आणि वाट काढतो. या धंद्यातल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही.

गोदामवाले म्हणाले, बिघाड थोडाच वेळ होता. विमा कंपनी म्हणाली, ‘हळूहळू होणारी झीज’ पॉलिसीत बसत नाही. आणि आमच्याच टेबलावर तीन वर्षं बसून काम शिकून गेलेल्या एका गृहस्थांनी, तोवर त्यांची स्वतःची टेस्टिंग सुरू झाली होती, आमच्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावले: ‘त्यांचा सगळा माल शिजलाय.’ सगळा! त्यांनी त्यातली एकही बाटली चाखली नव्हती. ज्यांच्या हातात पहिला आ-सो आम्ही दिला, त्यांनी हे करावं याचा सल अजून आहे. हिवाळ्याची जवळजवळ सगळी बुकिंगं रद्द झाली. जागेचं भाडं थकलं. हिनं तिच्या बांगड्या काढून ठेवल्या, ते मी इथे लिहू नये असं तिचं म्हणणं आहे, पण लिहितोय.

त्या दिवसांत आमच्याबरोबर उभे राहिले ते डॉक्टर. मूळचे कराडचे, हयात लेस्टरला गेली, जन्म 1949 चा, म्हणजे बोर्दोचं एक उत्तम वर्ष. त्यांच्या जन्मसालाची पहिली बाटली आम्हीच त्यांना पाजली होती. त्यांना फोन केला तर म्हणाले, “अहो, लोक काय म्हणतात ते राहू द्या. उघडा, आपण पिऊन बघू.” आणि पुढच्या वर्षभराच्या खुर्चीचे पैसे त्याच संध्याकाळी पाठवले.

मग आम्ही तेच केलं. रद्द करणाऱ्या सगळ्यांना फुकट बोलावलं. आमच्या गोदामातल्या बाटलीशेजारी त्याच शातोची, त्याच सालाची, दुसरीकडे ठेवलेली बाटली मांडली, दोन्हींवर फडकी बांधली आणि पेले पुढे केले. छताजवळच्या रॅकवरच्या बाटल्या खरंच गेल्या होत्या. शिजवलेल्या प्लमचा सपाट गोडसर वास, शेवट नाहीच. त्या सगळ्यांसमोर सिंकमध्ये ओतल्या. खालच्या, आतल्या ओळींतल्या बाटल्या मात्र शाबूत होत्या. बोर्दोतल्याच सेंट-झुलियन गावची 1966 ची एक बाटली तर अशी उघडली, की टेबलावर कुणी बोलेना: सीडरचं लाकूड, तंबाखूचं पान, वाळलेलं अंजीर आणि मागून पावसात भिजलेल्या पालापाचोळ्याचा वास. फडकी सोडली तेव्हा ती आमच्या गोदामातली निघाली. त्या रात्री निम्मे लोक परत आले, उरलेल्यांतले काही अजून यायचे आहेत. गोदामानं पुढे तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर थोडे पैसे देऊ केले. आम्ही घेतले नाहीत.

इथवर वाचलंत म्हणून काही गोष्टी सांगतो. लिलावात लेबल बघू नका, पातळी बघा. पन्नाशी उलटलेल्या बोर्दोत वाइन खांद्याच्या वरच्या भागापर्यंत असेल तर घ्या, खांद्याच्या खाली गेली असेल तर नाव कितीही मोठं असो, सोडा. साल एकच सगळीकडे चालत नाही: 1964 मध्ये बोर्दोतल्या मेडॉक भागाला ऐन तोडणीत पाऊस लागला, त्याआधी द्राक्षं उतरवलेल्या शातो लातूरची वाइन उत्तम झाली, आणि स्पेनमधल्या रिओहात तर तेच साल आजही नावाजलं जातं. खिसा हलका असेल तर जुनी रिओहाच घ्या. बूच निघाल्याबरोबर उग्र वास आला तर लगेच नाक मुरडू नका, दहा मिनिटं थांबा, बंद बाटलीचा वास पुष्कळदा उडून जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र वाढतच जातो, ती बुचाची खोड, तिथे उपाय नाही. फार जुनी बाटली तासभर आधी डिकँट करू (दुसऱ्या भांड्यात ओतू) नका, ती तेवढा वेळ टिकत नाही. सोबत साधं भाजलेलं मांस, पाव. तांबडा-पांढरा रस्सा दुसऱ्या दिवशी. आणि पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांनो, भेट मिळालेली बाटली माळ्यावर टाकून ‘जुनी करू’ म्हणू नका. मुरायला बारा-तेरा अंश लागतात, वर्षानुवर्षं. बहुतेक वाइन थोड्या वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते.

सध्या आम्ही 1975 ची बोर्दो जमवतोय. कडक टॅनिनचं साल म्हणून व्यापारी त्याला नाकारत आले, आमचे ते पूर्वीचे शिकाऊ गृहस्थही जाहीरपणे नाकारतात. त्यातल्या पोमरोल भागातल्या बाटल्या आता मऊ पडायला लागल्या आहेत. डॉक्टरांनी पहिली खुर्ची धरली आहे.