चोर्ल्यातून उतरणारा कोबी आणि दिवाडीचा बांध

पहाटे पावणेपाचला बेळगाव सोडलं, जांबोटी मागं पडली आणि कणकुंबीच्या आधीच पुढं भाजीचे टेम्पो लागले. एक, दोन, तीन, आणि तिसऱ्याच्या मागं आम्ही. सप्टेंबर संपत आलेला, चोर्ला घाटात धुकं असं की वायपर लावून पण टेम्पोच्या मागचे दोन लाल दिवे तेवढे दिसायचे आणि वास यायचा तो कोबीचा. ओला, थोडा कुजका, माझ्या ओळखीचा वास. कडोलीला आमच्या चुलत्यांची शेती आहे, तिथं लहानपणी सुट्टीत गेलो की रात्री कोबी भरायला आम्हाला पण उभं करायचे आणि कुणी विचारलं माल कुठं चाललाय तर एकच उत्तर, गोव्याला.

तर गोव्याला जाणारी भाजी आमची आणि गोव्यातनं आणलेली बायको पण आमचीच, म्हणजे व्यवहार फिटला असं माझा चुलतभाऊ लग्नात म्हणाला होता. बायकोचं माहेर डिचोली, तिचे मामा दिवाडी बेटावर. चतुर्थीला जमलं नाही म्हणून आता चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर मला मामांची खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून काढलेली शेती, बघायची होती. दहा वर्षं जावई आहे पण दर वेळी फक्त मासे खाऊन परत आलोय.

केरी, साखळी, डिचोली आणि मग नार्वे. नार्व्याला सप्तकोटेश्वराचं दर्शन घेतलं. हा देव मुळात दिवाडीचाच, पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर नदी ओलांडून इकडं आला, आणि १६६८ ला शिवाजी महाराजांनी इथलं देऊळ नव्यानं बांधून घेतलं. आम्ही तीच नदी उलटी ओलांडणार होतो, फेरीबोटीनं. बोटीत आमची गाडी, पाचसहा स्कूटर, एक पोदेर सायकलवर पावाची टोपली घेऊन आणि एक म्हातारी जिच्या पिशवीतनं कोबीचा गड्डा डोकावत होता. आमचाच असणार, मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली गप बस.

मामा धक्क्यावर लुंगी वर करून उभेच होते. "यो जांवयबाब, यो." चहा झाला आणि दहा मिनिटांत आम्ही बांधावर.

खाजन म्हणजे काय हे मला ऐकून माहीत होतं पण डोक्यात बसलं ते तिथं उभं राहिल्यावर. एका बाजूला नदी, आणि ही नदी म्हणजे नुसती नदी नाही तर समुद्राची भरती आत घेणारी खाडी, पाणी खारं. दुसऱ्या बाजूला भात, पिवळं पडायला लागलेलं, ओंब्या वाकलेल्या. आणि शेत नदीपेक्षा खाली! म्हणजे बांधावर उभं राहिलं की भरतीच्या वेळी एका अंगाला पाणी जवळजवळ पायाशी असतं आणि दुसऱ्या अंगाला शेत पार खाली, मधे हा मातीचा, चिऱ्यांचा, पेंढ्याचा, चिखलाचा बांध आणि बाहेरच्या अंगाला खारफुटी, लाटांचा मार खायला. शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी खाडीतली दलदल अशी अडवून अडवून जमीन काढली, गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर खाजनं सांगतात. आपल्याकडं डच लोकांचं कौतुक शाळेत शिकवतात, अडीच तासावर हे आहे ते कुणी सांगितलं नव्हतं.

आणि बांधाला दार असतं. त्याला मानस म्हणतात. चिऱ्यांच्या भिंती आणि त्यात जाड लाकडी फळ्यांची झापं, मोटर नाही वायर नाही काही नाही. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं झापं आपोआप मिटतात, खारं पाणी बाहेर राहतं. सुकती लागली, म्हणजे ओहोटी, की आतल्या पावसाच्या पाण्याचा जोर जास्त होतो आणि तीच झापं बाहेर ढकलली जातात, जादाचं पाणी नदीत निघून जातं. मी अर्धा तास तिथं बसून राहिलो. सुकती लागत होती, आधी फटीतनं नुसता एक पाझर, मग कुरकुर असा आवाज आणि मग हळूच एक झाप सरकलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, मामा विडी ओढत खेकड्यांची बिळं शोधत होते. कुर्ल्या बांधाला भोकं पाडतात, आज बोटाएवढं भोक, लक्ष नाही दिलं तर अमावस्येच्या उधाणाला तिथंच भगदाड.

इथं पिकतो तो कोरगुट. खारं सोसणारा जुना भात, लालसर दाणा. जूनमध्ये पहिले पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन काढतात आणि मग मोड आलेलं बी टाकायचं. खत जवळजवळ नाहीच कारण गाळच एवढा सकस, आणि खारेपणामुळं तण पण कमी. उत्पन्न मात्र ज्योती किंवा जया या सुधारित जातींच्या मानानं कमी म्हणून कितीतरी लोकांनी तो सोडला. नदीपलीकडं जुन्या गोव्यात, एलाला, आयसीएआरचं म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेचं केंद्र आहे, त्यांनी कोरगुटातनंच निवड करून गोवा धान नावाच्या जाती काढल्यात, खाऱ्या जमिनीत जास्त उतारा देणाऱ्या. मामांच्या चार कुणग्यांत, म्हणजे शेताच्या तुकड्यांत, ते आहे आणि दोनात अजून जुना कोरगुट, कारण मामींना पेजेला तोच लागतो. यावर घरात चर्चा होत नाही.

आता खरी गोष्ट. मी मामांना विचारलं की तुमची हद्द कुठली, तर त्यांनी हातानं एक मोघम वर्तुळ काढलं आणि म्हणाले, "बांद फुटलो जाल्यार तुजें म्हजें उरना." बांध फुटला तर तुझं माझं उरत नाही. हे काही सुविचार म्हणून नाही म्हणाले ते, माहिती म्हणून सांगितलं. कडोलीत आमच्या चुलत्यांनी शेजाऱ्याशी वीस वर्षं बांधावरनं कोर्टात भांडण केलं आणि दोघांची पिकं बरी यायची. इथं ते चालणारच नाही, कारण बांध सगळ्यांचा एकच, मानस एकच, आणि पाणी सातबारा बघून आत येत नाही.

म्हणून पूर्वी हे सगळं गावकारीकडं असायचं. गावच्या जमिनी गावकारांच्या, म्हणजे गावातल्या मूळ घराण्यांच्या, सामाईक, त्यातनं बांध, मानस, देऊळ यांचा खर्च आणि उरलेल्यातनं प्रत्येकाला जण, म्हणजे वाटा. पोर्तुगिजांनी १५२६ च्या फोराल नावाच्या सनदेत हेच रिवाज लिहून काढले आणि पुढं त्याला कोमुनिदाद म्हणायला लागले. फार गोड चित्र रंगवू नका हां, जण मिळायचा तो गावकारांना, चिखलात राबणारी कुळं वेगळी. मुक्तीनंतर १९६४ ला कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीनं कुळांना कसत्या जमिनीची मालकी देऊ केली, आणि ते झालं हे बरंच झालं. मामांचे वडील कूळच होते. पण बांधाची जबाबदारी कोमुनिदादकडनं कुळांच्या संघटनेकडं आली आणि तिथं गाडं अडकलं, म्हणजे जमीन प्रत्येकाची झाली पण बांध कुणाचाच राहिना.

आणि मधे आले मासे. मानशीजवळ आतल्या बाजूला खोल पाणी साठतं, त्याला पोंय म्हणतात, सुकतीला झाप उघडलं की जाळी लावून शेवटो, काळुंद्र, सुंगटां, कधी चोणकूल पण मिळतं. या मासेमारीची दरवर्षी पावणी होते, लिलाव हो, आणि तो पैसा बांधाच्या दुरुस्तीला वापरायचा असा रिवाज. कागदावर फार हुशार व्यवस्था आहे, मासे भाताचा खर्च काढतात. पण पावणीची रक्कम वाढत गेली आणि भातातनं मिळतंय काय तर मजुरी पण सुटत नाही, मग पलीकडच्या एका वाड्यावर ठेकेदारानं भरतीला झापं उघडी ठेवायला सुरुवात केली, कारण पाणी आत तर मासे आत. दोन हंगाम खारं पाणी शेतात राहिलं आणि भात गेला. ज्यांची मुलं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला पोचली होती त्यांना फरक पडला नाही, उरलेल्यांनी तक्रारी केल्या, आणि आता तिथं शेतात खारफुटी उभी आहे. मामांनी लांबनं दाखवलं. हिरवंगार आहे. परदेशी पाहुणे फोटो काढतात म्हणे.

मामांच्या वाड्यावर पण बरीच शेतं पडीक होती. मी विचारलं मग परत उभी कशी राहिली, तर मला वाटलं एखादा नेता, एखादी संस्था, काहीतरी मोठी गोष्ट सांगतील. उत्तर मिळालं, हार्वेस्टर. म्हणजे असं की कापणीला माणसं मिळेनात, मशीन भाड्यानं मिळतं पण ते फेरीबोटीतनं बेटावर आणायचं, आणि एवढा खटाटोप एका माणसाच्या दोन कुणग्यांसाठी कोण करणार? मशीन आणायचं तर सगळ्यांचं भात एकाच वेळी पिकायला हवं, एकाच वेळी पिकायचं तर बी एकाच मुदतीचं आणि पेरणी एकाच आठवड्यात, आणि मधेच कुणाचं शेत पडीक राहिलं तर मोकाट गुरं तिथनं आत शिरतात म्हणून ते पण कसलं पाहिजे, मालक मुंबईत असो नाहीतर लंडनला. मग फोनाफोनी. दोन तरुण पोरं, एक बँकेतनं निवृत्त झालेले बाब, चर्चच्या बाजूची चार घरं, देवळाच्या बाजूची सहा. परदेशातल्यांची फक्त तोंडी परवानगी घ्यायची की शेत कसू, जमिनीवर हक्क सांगणार नाही. या एका वाक्याला पटवायला दीड वर्ष गेलं, कारण १९७६ अजून कुणी विसरलेलं नाही. शेवटी कागदावर लिहून दिलं.

आणि पावणीचा ठराव बदलला. आता बोलीच्या आधी सगळ्यांसमोर वाचून दाखवतात की पाऊस सुरू झाल्यापासून कापणीपर्यंत भरतीला झाप उघडं दिसलं तर अनामत जप्त. त्यामुळं बोली कमी येते. त्यावरनं दरवर्षी भांडण होतं, या वर्षी पण झालं, बँकवाले बाब रुसून दोन बैठकांना आले नाहीत.

एवढ्यात मामींचा फोन की पेज निवतेय. उकड्या कोरगुटाची पेज, वर मिस्कूट म्हणजे कैरीचं लोणचं, भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा. मी तीन वाट्या खाल्ल्या आणि मग ओटीवरच्या चटईवर आडवा झालो तो चारला उठलो. उठलो तेव्हा मामी मोठ्या तांब्याच्या भाणात भात उकडत होत्या, गेल्या वर्षीचं शिल्लक, गिऱ्हाईकांसाठी. गिऱ्हाईकं म्हणजे पर्वरीतली आणि पणजीतली वीसबावीस घरं, व्हॉट्सॲप ग्रुपवर. उकडायचं, वाळवायचं, गिरणीत न्यायचं, पाच पाच किलोच्या पिशव्या भरायच्या आणि पहिल्या फेरीनं पाठवायच्या. चार घरच्या बायका मिळून करतात कारण एकीच्या अंगणात एवढं वाळत नाही, आणि पावसाची एक सर आली की आठ हात लागतात.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार म्हणून म्हापशाचा बाजार. फार लिहीत नाही, म्हापशावर सगळेच लिहितात. हरमलची मिरची शिल्लक होती, मोयऱ्याची केळी घेतली, या दोघांना २०२१ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय त्यामुळं बाई भाव कमी करायला तयार नाही आणि तिचं बरोबरच आहे. पावसाळ्यात डोंगरउतारावर होणारी भाजी घेऊन बायका खाली बसल्या होत्या, दोडकी, काकडी, सात शिरांची लांब भेंडी. आणि त्यांच्या मागं दुकानांत आमचा कोबी, आमचा फ्लॉवर, आमची गाजरं, डोंगरासारखी रचलेली. सरकारी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर पण बरीचशी भाजी बेळगावचीच, वर सवलतीच्या दरात. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि घाटातनं गाड्या येणं अडलं तेव्हा इथं लोक भाजीसाठी कसे हवालदिल झाले होते ते बायकोच्या आईकडनं ऐकलंय, आणि त्याच आठवड्यात कडोलीत चुलत्यांनी उभ्या कोबीत रोटर फिरवला. मधे एक घाट. त्या बायकांसमोर उभं राहून मला जरा ओशाळल्यासारखं झालं, का ते नीट सांगता येणार नाही. भेंडी दोन जुड्या घेतली, घासाघीस न करता.

मामांना निघताना म्हटलं की आमच्या भाजीमुळं तुमच्या लोकांनी भाजी सोडली असेल. मामा म्हणाले तसं नाही, कोबी इथं खाजनात कुठं होणार, तुम्ही कोबी पाठवा. फक्त तांदूळ नका पाठवू. आणि हसले. आमच्याकडं आमच्या जुन्या तांदळाचं, बेळगाव बासमतीचं, काय झालंय हे मी त्यांना सांगितलं नाही.

डिकीत दहा किलो कोरगुट घेऊन वर आलो. रविवारी कडोलीला गेलो, चुलतभावाला सगळं सांगितलं, मानस कागदावर काढून दाखवली, तो ऐकत होता पण मधेच विचारलं पावणी कितीला जाते. मग मी पिशवी काढली, मूठभर तांदूळ त्याच्या हातावर ठेवले आणि म्हटलं एका वाफ्यात टाकून बघ की, खत पण लागत नाही म्हणे.

त्यानं दाणे बोटांत चोळले, उजेडात धरले आणि वहिनीला हाक मारली.

"अगं बघ, ह्यानं मला पेरायला उकडा तांदूळ आणलाय."

अजून हसतायत.