नडगीचं हाड बाहेर आलं तेव्हा

गळिताचा हंगाम होता. पलूसजवळ रात्री, मागं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर माझी मोटारसायकल आदळली. शुद्धीवर होतो. उजव्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं आणि त्याच्या टोकाला काळी माती चिकटलेली.

"हळद भरा, रगत थांबंल," कुणीतरी म्हणालं. दुसरा हाड आत ढकलायला वाकला. मेहुण्यानं दोघांनाही अडवलं. धुतलेला पंचा जखमेवर दाबून बांधला, पाय फळीला आवळला आणि 108 ला फोन लावला. हाड ढकललं असतं तर माती थेट आत गेली असती. मेहुण्याचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मिरजेत एक्स-रेच्याही आधी शिरेतून अँटिबायोटिक दिलं, मग धनुर्वाताचं इंजेक्शन. मी प्लास्टरचं विचारत होतो. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळायला महिने आहेत. जंतूंना तास पुरतात." जखमेचा एकदाच मोबाइलवर फोटो घेतला. पट्टी पुन्हा पुन्हा उघडायला लागू नये म्हणून पुढं जो डॉक्टर येईल त्याला फोटोच दाखवायचे. पट्टी सुटली ती थेट ऑपरेशन थिएटरात.

तिथं नऊ लिटर सलाइननं जखम धुतली, मेलेलं मांस काढलं, हाड हलू नये म्हणून बाहेरून हाडात चार पिना घालून त्यांना दांडा बसवला. टाके मात्र घातले नाहीत. उघडी जखम बघून आई रडायलाच लागली. घाण आत कोंडली तर पू हाडात उतरतो, हे तिला समजावताना माझीही भीती थोडी कमी झाली. दोन दिवसांनी पुन्हा धुतली. पाचव्या दिवशी पोटरीचा स्नायू वळवून हाड झाकलं आणि वर मांडीची कातडी लावली.

घरी बायको रोज हात धुऊन प्रत्येक पिनेला वेगळा गॉज वापरायची. सहाव्या आठवड्यात खालच्या पिनेभोवती लाली आली, पिवळी ओल, ठणका. चुलते हाडवैद्याच्या लेपाचं म्हणत होते. आम्ही त्याच सकाळी मिरज गाठली. पू तपासायला दिला, गोळ्या बदलल्या, पीन वाचली. हाड जुळायला तंबाखू आड येतो असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा पंधरा वर्षांची पुडी सोडली.

सातव्या महिन्यात पिना निघाल्या. लावलेल्या कातडीला अजून स्पर्श कळत नाही. फडात उसाचा खुंट लागला तरी समजत नाही, म्हणून संध्याकाळी बायको बॅटरी लावून पाय बघते.