बावीकडचा वास

भाची मुंबईला परत जाताना सेंटची बाटली विसरून गेली. वेंगुर्ल्यातली मे महिन्याची दुपार, वीज गेलेली, करायला दुसरं काही नाही, म्हणून मनगटावर एक फवारा मारला. दोन मनगटं एकमेकांवर घासली मात्र नाहीत. घासणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. वरचा हलका वास मुळातच घाईत असतो, त्याला आणखी ढकलायचं कशाला?

पहिल्यांदा नुसतं स्पिरिट. इंजेक्शनआधी दंडावर फिरवतात त्या बोळ्यासारखं. मग पेअर. खोक्यावर तसं छापलंच होतं: पेअर, पिओनी, मस्क. पिओनीचं फूल मी फोटोतच पाहिलंय. गंमत म्हणजे पेअर आणि पिओनी दोघांनीही त्या बाटलीत कधी पाऊल टाकलेलं नसतं. लिंबा-संत्र्याच्या सालीतून तेल निघतं, मोगऱ्याचा अर्क निघतो. पेअर किंवा पीच कितीही उकळा, फार तर मुरांबा होईल. त्यांचे वास प्रयोगशाळेत जुळवावे लागतात. पीचचा असा घडवलेला वास घालून जाक गेर्लँ या फ्रेंच अत्तरकाराने ‘मित्सुको’ हे सेंट काढलं ते १९१९ साली. म्हणजे हे ढोंगही शंभरी उलटलेलं.

हे सगळं ठाऊक असून मी दर पाच मिनिटांनी मनगट नाकाशी नेत होते, तेही देठाकडून आंबा हुंगावा तसं. आपल्याकडे हुंगायला माणूस आंब्यावरच शिकतो. समोर ओटीवर आई माळ्यावरच्या पेंढ्यातून काढलेले हापूस निवडत बसली होती. एकेक आंबा हातात घ्यायचा, अंगठ्याने हलकेच दाबायचा, पिकलेला इकडे, कच्चा तिकडे. हल्ली ती दाबूनच बघते.

वीसेक मिनिटांत घामाने पेअरला वाटेला लावलं आणि खालून फूल वर आलं. जाई म्हणावी तर गोडवा जास्त. सुरंगी तर नाहीच. सुरंगीचा वळेसर डोक्यात असला की चार घरं आधी कळतं. हे फूल लपत होतं, आणि त्याला पिकल्या फळाचा वास होता. तसं फळ आणि फूल यांच्यात भिंत असते ती कुडाचीच. जाईच्या वासातलं बेंझिल ॲसिटेट हे रसायन वेगळं काढून हुंगलं तर त्यातही थोडं पिकलं केळं सापडतं. पण या फुलाचं नाव काही आठवेना.

आणि मग विहीर आठवली. आमची बाव.

बावीमागे हिरवा चाफा होता. फूल पानांच्याच रंगाचं, त्यामुळे तिथे डोळ्यांचा उपयोग शून्य. चार-पाच पोरं माना वर करून वेलीखाली कुत्र्यांसारखी हुंगत फिरायचो. कोवळं हिरवं असताना वास बेताचाच. पिवळटायला लागलं की परसभर. वास डावीकडून यायचा आणि फूल उजवीकडे असायचं, तेही हात न पोचणाऱ्या फांदीला. आकड्यासारखे देठ फ्रॉकला अडकायचे. एकदा मिळालेलं फूल मी गणिताच्या वहीत दडपलं. दुसऱ्या दिवशी पान तेलकट, फूल तपकिरी, आणि बाई बाकांमधून फिरत विचारतायत, “फणस कोणी आणलाय?” मी खाली मान घालून बसले. फणसाचा आरोप पत्करला असता. पण वही उघडायला लागली असती, आणि वहीत फुलाशिवाय काही नव्हतं. पुढे बावीवर पंप बसवताना ती वेल तोडली. कोणी विचारलं नाही, कोणी अडवलंही नाही.

मनगटावरचं फूल उतरायला लागलं होतं. त्यानंतर मस्क, आणि मस्क सगळ्या बाटल्यांत मला सारखाच लागतो. मी ओटीवर धावले.

“आये, बेगीन हुंग. हिरवो चाफो! वास जातलो.”

आईने हातातला आंबा खाली ठेवला. माझं मनगट दोन्ही हातांत धरून नाकाशी नेलं, डोळे मिटले, बराच वेळ तशीच राहिली.

“होय गो,” म्हणाली. “बावीकडलोच.”

आणि परत आंब्यांकडे वळली. तिच्या पाठीमागे, स्वयंपाकघरात, गॅसवर दूध करपत होतं. मी काही न बोलता आत गेले.