क्रुसाची वाट: ६०० मीटरची वारी

वारी म्हणावी तर अंतर जेमतेम ६०० मीटर. जेरुसलेमच्या जुन्या शहरात लायन्स गेटच्या बाजूने पवित्र कबरेच्या चर्चकडे जाणारा हा रस्ता, वाया डोलोरोसा. येशू क्रूस घेऊन याच वाटेने गेला, अशी परंपरा. नुसते चालले तर पंधरा मिनिटांत संपतो. प्रत्येक स्थानाशी गुडघे टेकत, प्रार्थना म्हणत गेले की तासाच्या वर जातो. स्थाने, म्हणजे त्या वाटेवरच्या एकेका प्रसंगाचे थांबे, १४. नऊ रस्त्यावर, शेवटची पाच चर्चच्या आत.

दर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन संन्यासी यात्रा काढतात, हिवाळ्यात तीनला आणि उन्हाळ्यात चारला. त्यांच्यामागे चालणे मला बरे वाटते, कारण पहिले स्थान एका शाळेच्या अंगणात आहे आणि एरवी आत जायला मिळेलच असे नाही. मग लोक सरळ दुसऱ्या स्थानापासून सुरुवात करतात. अडचण एवढीच की शुक्रवार नमाजाचाही दिवस. गल्ल्या तुडुंब असतात. भिंतीच्या कडेने चालावे, दुकानांची दारे अडवू नयेत.

पहिले स्थान चुकवू नये, ते बरब्बासाठी. रोमन सुभेदार पिलाताने येशूला शिक्षा सुनावली ती इथेच, अशी परंपरा. (इतिहासकारांचा कल शहराच्या पश्चिमेकडच्या हेरोदाच्या राजवाड्याकडे आहे; १४ ही संख्यासुद्धा पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ मध्ये पक्की केली.) दंगा आणि खून यांसाठी कैदेत असलेला बरब्बा सुटला, त्याच्या जागी निर्दोष माणूस गेला. सुटका त्याने मागितलीही नव्हती. चौदांत एकही स्थान त्याच्या नावाचे नाही. मी ही वाट त्याच्या पायांनी चालतो: पुढे क्रूस चालला आहे, मागून सुटलेला माणूस.

बरेच गट लाकडी क्रूस खांद्यावर घेतात. मागचे टोक पायऱ्यांवर आपटते, वळणावर लोकांना लागते; म्हणून तिघा-चौघांनी मिळून धरावा आणि प्रत्येक स्थानाला खांदे बदलावेत. त्याहून मोठा घोळ मनात होतो. क्रूस उचलला की फेड झाली असे वाटू लागते. पाचवे स्थान कुरेनेकर शिमोनाचे, आणि त्याला तर येशूचा क्रूस वाहायला वेठीस धरले होते! ओझे वाहिल्याचे श्रेय त्यालाही घेता आले नसते. इथून वाट उजवीकडे चढते. पायऱ्यांचा दगड झिजून गुळगुळीत झालेला, पावसात हमखास घसरतो. रबरी तळाची पादत्राणे हवीत.

प्रत्येक थांब्यावर आपला एकेक अपराध नाव घेऊन आठवावा आणि ‘क्षमा कर’ऐवजी ‘क्षमा केलीस’ म्हणावे. ऐकायला सोपे आहे. सातव्याच्या आसपास स्वतःचे काही आठवेनासे होते आणि इतरांनी आपले काय वाकडे केले ते भराभर आठवते. त्याला दाबू नये. येशूच्या दाखल्यात दहा हजार तालांतांच्या प्रचंड कर्जाची माफी मिळवून बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरणारा दास तो हाच. त्या सोबत्याचे नाव घेऊनच पुढे जावे.

आठवे स्थान पुष्कळांचे राहून जाते. बाजारातून वर एका गल्लीत शिरावे लागते, तिथे मठाच्या भिंतीत क्रूस कोरलेला एक दगड आहे, एवढेच. पुढे वाट बंद. आल्या पावली बाजारात परत येऊन नवव्यासाठी उजवीकडचा जिना चढायचा.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दारातून आत गेल्यावर लगेच उजव्या हाताला गुलगुथाचा, म्हणजे येशूला क्रुसावर दिले त्या जागेचा, उभा जिना. बारावे स्थान ग्रीक वेदीचे. तिच्याखाली वाकून एका भोकातून खडकाला हात लावता येतो. रांग मोठी, मिळतात ते काही क्षण, म्हणून प्रार्थना रांगेतच करून घ्यावी. लूकच्या शुभवर्तमानात क्रुसावरून दोनदा क्षमा मिळते. एकदा मारणाऱ्यांना, ज्यांनी ती मागितलीच नव्हती. दुसऱ्यांदा शेजारच्या क्रुसावरच्या त्या अपराध्याला, ज्याने आपल्याला मिळते आहे ते आपल्या करणीचे फळ आहे असे स्वतःच म्हटले होते. त्याच्याकडे फेडायला दिवसच उरला नव्हता. खडकाला हात लागतो तेव्हा मी काही मागत नाही.

चौदावे स्थान कबरेचे. दार इतके बुटके की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि एका वेळी तीन-चार जणांचीच जागा. पाठीवरची पिशवी आधीच सोबत्याकडे द्यावी, ती चौकटीत अडकते.