वीज नाही, आणि यंत्रं चालू

सकाळी सव्वानऊला खरेदी विभागाचा फोन आला. ट्रान्सफॉर्मर तो बनवणाऱ्यांच्या कारखान्यातल्या चाचणीत नापास झाला होता, वाइंडिंग पुन्हा करायचं होतं आणि तो ३० कामाचे दिवस उशिरा येणार होता. दुपारी तीनला मालक कंपनीच्या प्रकल्पप्रमुखांसमोर आढावा होता. कारखान्याच्या विस्ताराचं वेळापत्रक माझ्याकडे होतं. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमधली फाइल, ४१२ टास्क, सात महिने रोज हाताखालून गेलेली.

मी ट्रान्सफॉर्मरच्या पुरवठ्याची तारीख बदलली. त्याची पट्टी उजवीकडे सरकली, मागोमाग बसवणं सरकलं, मग टेस्टिंग आणि चार्जिंग, म्हणजे त्यात वीज सोडणं. सगळ्यात खाली ‘प्रकल्प हस्तांतरण’ हा माइलस्टोन होता. तो जागचा हलला नाही. एक दिवससुद्धा नाही.

शेजारचा सहकारी वाकून बघत होता. म्हणाला, “सुटलो की! फ्लोट होता म्हणायचा.” त्याचा जीव भांड्यात पडला आणि माझ्या पोटात गोळा आला. ट्रान्सफॉर्मर ३० दिवस लांबतो आणि प्रकल्पाला त्याचं काहीच वाटत नाही, हे कुठल्याही साइटवर होत नाही.

फ्लोट म्हणजेच टोटल स्लॅक, शेवट न हलवता टास्क किती दिवस लांबू शकते तो आकडा. त्याचा कॉलम उघडला. चार्जिंगपुढे ४ दिवस. बदलाआधीची फाइल काढली, तिथे ३४. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. जुन्या तारखेप्रमाणे चार्जिंग संपल्यापासून प्रकल्पाच्या शेवटापर्यंत बरोबर ३४ कामाचे दिवस होते. तिथेच उलगडा झाला. ज्या टास्कच्या पुढे कुणीच जोडलेलं नसतं, तिला सॉफ्टवेअर प्रकल्प संपेपर्यंतची सगळी मोकळीक देऊन टाकतं. तिच्यासाठी कुणी थांबलेलंच नाही, मग तिला घाई कसली?

चार्जिंगचा सक्सेसर कॉलम, म्हणजे त्याच्या पुढच्या टास्कचा, रिकामा होता. यंत्रांच्या चाचणीचा प्रेडिसेसर, म्हणजे आधीची टास्क, एकच होता, यंत्रं बसवणं. ती चाचणी २० दिवसांची, त्यानंतर कागदपत्रं आणि हस्तांतरणाला ६, म्हणजे शेवटाच्या २६ दिवस आधी चाचणी सुरू. नव्या तारखांप्रमाणे वीज येणार होती शेवटाच्या ४ दिवस आधी. पडद्यावर आमची यंत्रं वीज येण्याच्या २२ दिवस आधीपासून फिरत होती, आणि त्या पट्ट्या अगदी निवांत निळ्या दिसत होत्या.

लिंक तुटली कशी तेही सापडलं. पाच महिन्यांपूर्वी ‘वीजजोडणी’ नावाची एकच मोठी टास्क होती. तपशील हवा म्हणून तिच्या जागी मी चार टास्क घातल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि जुनी ओळ पुसली. ओळीबरोबर तिच्या पुढच्या लिंकही गेल्या. सॉफ्टवेअर अशा वेळी काही विचारत नाही. दोन टास्क एकमेकींवर फिरून अवलंबून ठेवल्या तर ते लगेच अडवतं, पण राहून गेलेली लिंक त्याला दिसणार कशी? साइटवर कोण कुणासाठी थांबतं हे त्याला आपण सांगू तेवढंच माहीत.

लिंक जोडली. हस्तांतरण २२ दिवस पुढे गेलं. वाजले होते पावणेदहा.

आता उरलेल्या फाइलवर तरी विश्वास कसा ठेवायचा? अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे करार सांभाळणाऱ्या संस्थेची वेळापत्रकासाठी १४ मुद्द्यांची तपासणी आहे. त्यातली एक चाचणी मला फार आवडते. एखाद्या क्रिटिकल टास्कला, म्हणजे जी लांबली की शेवटही लांबतो अशा टास्कला, ६०० दिवस जास्तीचे द्यायचे आणि शेवट तेवढाच सरकतो का ते बघायचं. मी फाइलची प्रत काढली आणि क्रिटिकल असो नसो, प्रत्येक मोठ्या साखळीच्या सुरुवातीला ६०० दिवस घालून बघितले. तीन ठिकाणी हस्तांतरण ढिम्म हललं नाही.

दोन ठिकाणी कुणीतरी ‘मस्ट स्टार्ट ऑन’ लावलं होतं. आधीचं काम कितीही लांबो, ही टास्क ठरलेल्या तारखेलाच सुरू. सॉफ्टवेअर ती तारीख पाळतं आणि ओढाताण उणे स्लॅकमध्ये दाखवतं, पण तो कॉलम उघडून बघणार कोण? स्टार्टच्या कॉलममध्ये सहज तारीख टाइप केली तरी आपोआप ‘याआधी नको’ अशी अट चिकटते. ती पुढे सरकायला अडवत नाही, पण आधीचं काम लवकर झालं तरी टास्क मागे येऊ देत नाही. अशा चिकटलेल्या अटी मी १९ टास्कांवरून काढल्या.

तिसरं ठिकाण बारकाव्याचं होतं. केबल ट्रे लावायला सुरुवात झाली की तीन दिवसांनी केबल ओढायला सुरुवात, अशी स्टार्ट-टू-स्टार्ट लिंक होती. कागदावर ती चूक नाही, साइटवर काम असंच चालतं. पण ट्रेचं काम संपण्याला पुढे काहीच बांधलेलं नव्हतं. ट्रे लावायला ६०० दिवस लागले तरी केबल आपल्या वेळेत ओढून मोकळी! शेवटच्या मजल्यावरचे ट्रे लागल्याशिवाय तिथली केबल कशावर टाकणार? ट्रे संपल्यावर तीन दिवसांनीच केबल संपेल, अशी फिनिश-टू-फिनिशची जोडही घातली. माझ्या मते एकटी स्टार्ट-टू-स्टार्ट फाइलमध्ये ठेवूच नये.

यंत्रांच्या पायांचं काँक्रीट २८ दिवस पिकवायचं होतं, आणि तो लॅग, म्हणजे दोन टास्कमधला थांबा, कामाच्या दिवसांत टाकलेला होता. सहा दिवसांच्या आठवड्यात त्याचे कॅलेंडरवर ३२ दिवस होतात. काँक्रीट सुट्टीच्या दिवशीही पिकत असतं. लॅगमध्ये कामाच्या दिवसांऐवजी सलग दिवस लिहिले आणि ४ दिवस हाती आले. पण ती साखळी क्रिटिकल पाथवर, म्हणजे शेवटाची तारीख ठरवणाऱ्या साखळीवर, नव्हती, त्यामुळे शेवटाच्या तारखेला त्यांचा उपयोग शून्य.

आता खरा प्रश्न त्या २२ दिवसांचा होता, आणि त्याचं उत्तर पडद्यावर नव्हतं.

क्रिटिकल पाथची पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपॉन्टच्या मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडच्या जेम्स केली यांनी युनिव्हॅक संगणकावर उभी केली, आणि १९६१ मध्ये स्टॅनफर्डच्या जॉन फोंडाल यांनी बांधकामासाठी तीच गोष्ट संगणकाशिवाय, कागदावर करायची रीत मांडली. त्या सकाळी मलाही कागदच बरा वाटला. साइट ऑफिसच्या भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्या, पेन्सिलीने बाण काढले आणि विद्युतचे सुपरवायझर, यंत्रं बसवणारे फोरमन आणि सिव्हिलचे इंजिनिअर अशा तिघांना बोलावलं. प्रत्येक चिठ्ठीवर एकच प्रश्न ठेवला : हे काम सुरू करायला तुमच्या हातात आधी काय असायला हवं?

“चाचणीला वीज लागते हे खरं,” यंत्रांचे फोरमन म्हणाले, “पण मॅडम, कुठली चाचणी? पहिले बारा दिवस आम्ही यंत्र रिकामंच फिरवतो. मोटर कुठल्या बाजूला फिरते, बेअरिंग तापतं का, कंपन किती. त्याला भार नसतो.”

मी सुपरवायझरांकडे बघितलं. त्यांनी थोडा विचार केला. “डीजीवर, डिझेल जनरेटरवर फिरतील. पण एका वेळी एकच यंत्र. सगळी एकदम लावाल तर सुरू होतानाचा करंट डीजीला झेपायचा नाही.”

“एकेक करून किती दिवस?”

फोरमननी बोटांवर मोजलं. “अठरा.”

यंत्रं बसल्यापासून ट्रान्सफॉर्मर चार्ज होईपर्यंत आमच्याकडे २२ दिवस होते. अठरा त्यात बसत होते. मी ‘यंत्रांची चाचणी’ ही चिठ्ठी काढली आणि तिच्या जागी दोन लावल्या. रिकामी चाचणी, तिचा बाण डीजीकडून. भारासहित चाचणी, ८ दिवसांची, तिला दोन बाण, एक ट्रान्सफॉर्मरकडून आणि एक रिकाम्या चाचणीकडून. वीज आल्यावर ८ आणि ६ असे १४ दिवस लागणार होते आणि जुन्या शेवटापर्यंत ४ उरले होते. म्हणजे १० दिवसांचा उशीर. यंत्रं तीच, माणसंही तीच, फक्त कशासाठी काय थांबतं ते नीट लिहिल्यावर १२ दिवस परत आले.

मग हे सगळं फाइलमध्ये घातलं. या वेळी जुनी ओळ पुसण्याआधी तिच्या पुढच्या-मागच्या लिंक कागदावर उतरवून घेतल्या, आणि नव्या टास्कच्या नोंदीत लिंक का आहे ते एका वाक्यात लिहिलं : “डीजीवर एका वेळी एकच यंत्र, सुरुवातीच्या करंटमुळे.”

तीन वाजता मी प्रकल्पप्रमुखांना आधी १० दिवस सांगितले, मग २२ कसे होते ते, आणि मग सकाळी फाइलने दाखवलेला शून्य. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

“गेल्या महिन्याच्या आढाव्यात ही लिंक नव्हती?”

“नव्हती, सर. पाच महिने नव्हती. माझ्याकडून तुटली.”

“म्हणजे त्या सगळ्या तारखा…”

“ट्रान्सफॉर्मर वेळेत येत होता तोवर बरोबर होत्या. तो वेळेत येईल एवढ्यावरच उभ्या होत्या.”

त्यांनी आवाज चढवला नाही. दर आढाव्याला ६०० दिवसांच्या चाचणीचा निकाल पहिल्या पानावर हवा असं सांगितलं आणि डीजीसाठी लागणारी परवानगी त्याच बैठकीत दिली. १० दिवसांच्या उशिराचं पत्र मात्र द्यावं लागलं. लिहिताना हात जड झाला होता.

संध्याकाळी निघता निघता विद्युतचे सुपरवायझर दारात आले. एरवी ते माझ्या टेबलाकडे फिरकत नसत.

“मॅडम, डीजीपासून तात्पुरती केबल न्यायची तर ट्रेंचची झाकणं अठरा दिवस उघडी राहतील. त्या पट्ट्यातलं फ्लोअरिंग तोवर करता यायचं नाही. ते कुठे जोडलंय का?”

नव्हतं जोडलेलं. मी बंद केलेली फाइल पुन्हा उघडली आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. फ्लोअरिंगची टास्क दोन भागांत तोडून ट्रेंचचा पट्टा वेगळा केला आणि तो रिकाम्या चाचणीच्या मागे लावला. त्याचा स्लॅक १५ वरून ९ वर आला. हस्तांतरण जागेवरच राहिलं, आणि ते का राहिलं ते या वेळी मला बोट ठेवून दाखवता येत होतं.

“अजून काही?” मी विचारलं.

ते खुर्चीत बसले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांनी आणखी चार ओळी लिहून आणल्या होत्या.