लाल ठिपका आणि चाळिशी

पिस्तुलाची फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, पहिल्यांदा धूसर दिसली तेव्हा वाटलं, चष्म्याची काच पुसायची राहिली असेल. काच पुसली, पुन्हा हात लांब केले, तरी तेच. समोरचा कागद स्वच्छ, आणि नळीच्या टोकावरचा पांढरा ठिपका मात्र पिंजलेल्या कापसासारखा. वाचायला चाळिशी लागून तीन वर्षं झाली होती. ती एक दिवस नेमबाजीच्या रेंजवरही गाठेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

मग सुरू झाली मानेची कसरत. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह, जवळचं बघायचं तर काचेच्या खालच्या भागातून. फोरसाइट स्पष्ट दिसावी म्हणून मी हनुवटी वर करायची, मान मागे जायची, खांदे आखडायचे. १० यार्डांवर तळहाताखाली झाकला जाणारा ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, ताटाएवढा झाला. एखादी गोष्ट हातात असूनही डोळ्यांमुळे सुटत चालली आहे, याचं मला फार वाईट वाटलं.

कारण नेमबाजी माझ्यासोबत सतराव्या वर्षापासून आहे. कोल्हापुरात कॉलेजात असताना एनसीसीत .२२ची रायफल पहिल्यांदा खांद्याला लावली. जमिनीवर पालथं पडून २५ यार्डांवर पाच गोळ्या. आमचे उस्ताद सैन्यातले हवालदार होते आणि सगळं हिंदीतून शिकवायचे: मजबूत पकड, सही शिस्त, दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन. फौजेच्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम, हे आम्हा मराठी मुलींना दोन दिवसांनी कळलं. तोवर आम्ही नुसत्याच शिस्तीत पडून होतो. एक डोळा मीट, फोरसाइटचं टोक साफ बघ, टार्गेट धूसर झालं तरी चालेल. पुढे टेक्सासला आले, नागरिक झाले, पिस्तूल शिकले, तरी त्या एका सूचनेवरच माझी सगळी नेमबाजी उभी होती.

आणि रेड डॉट साइट, म्हणजे पिस्तुलावर बसवायची, छोट्या काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, म्हणते नेमकं उलटं. टार्गेट साफ बघ, ठिपका आपोआप येईल.

डॅलसच्या उत्तरेला ज्या इनडोअर रेंजवर मी जाते, तिथे शिकवणाऱ्या बाई निवृत्त पोलीस अधिकारी आहेत. माझी मान बघूनच त्यांनी ओळखलं. त्यांचं स्वतःचं वय साठीच्या पुढे. त्यांनी आपलं पिस्तूल रिकामं करून, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, मला दाखवून, हातात दिलं आणि म्हणाल्या, "समोरच्या कागदाकडे बघा. फक्त कागदाकडे." मी हात लांब केले. इवल्याशा खिडकीतून कागद दिसत होता. ठिपका कुठेच नव्हता. मी मनगट खाली केलं, वर केलं, डावीकडे नेलं. तो एकदा कोपऱ्यातून चमकला आणि गेला.

पहिले दोन महिने माझे यातच गेले. लोखंडी साइटवर, म्हणजे फोरसाइट बघून नेम धरताना, पिस्तूल थोडं वाकडं आलं तरी नळीचं टोक कुठे आहे ते दिसतं, आपण वाटेत दुरुस्त करतो. इथे तसं नाही. काचेच्या मागच्या बाजूला एक बारीक एलईडी असतो. त्याचा लाल प्रकाश पुढच्या वक्र काचेवर पडतो, आणि काचेवरचा लेप तेवढाच रंग डोळ्याकडे परत पाठवतो. ठिपका टार्गेटवर पडत नाही, तो लेझर नव्हे. कवडशासारखा समोर कुठे जाऊन बसत नाही. तो फक्त तुमच्या डोळ्यासाठी आहे, आणि तो दूरवर असल्यासारखा दिसतो. म्हणूनच चाळिशीवाल्यांना तो स्वच्छ दिसतो. ही कल्पना जुनी आहे: हॉवर्ड ग्रब या आयरिश दुर्बीणकाराने १९०० साली तिचं पेटंट घेतलं, आणि १९७५मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने बॅटरीवर चालणारी साइट बाजारात आणली. पिस्तुलाच्या स्लाइडवर, म्हणजे वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागावर, बसून प्रत्येक गोळीचा धक्का सोसण्याइतकी ती लहान आणि दणकट व्हायला मात्र बराच काळ गेला. ग्लॉकने साइट बसवायची खाच असलेली एमओएस पिस्तुलं आणली ती २०१५ साली. माझं ग्लॉक १९ त्यातलंच.

माझा ठिपका हरवायचा तो नेहमी वरच्या बाजूला. बाईंनी फोनवर व्हिडिओ काढून दाखवला: होल्स्टरमधून वर येताना माझ्या पिस्तुलाचं नाक आधी आकाशाकडे जातं, मग खाली येतं. इतकी वर्षं फोरसाइट लवकर दिसावी म्हणून हाताने आपोआप लावून घेतलेली सवय. उपाय साधा होता, पण हाडात मुरायला वेळ लागला. पिस्तूल आधी छातीशी आणायचं, दोन्ही हात तिथेच जुळवायचे, आणि मग टेबलाचं ड्रॉवर सरकवावं तसं सरळ पुढे ढकलायचं. डाव्या हाताची करंगळी घट्ट.

सगळ्यात मोठा बदल घडला तो एका चिकटपट्टीने. एका शनिवारी बाईंनी रंगारी वापरतात ती निळी पट्टी माझ्या साइटच्या पुढच्या काचेवर चिकटवली. आता खिडकीतून पलीकडचं काहीच दिसेना, फक्त निळ्यावर लाल ठिपका. म्हणाल्या, "दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि कागदावरचा आकडा वाचा." मी ठिपक्याकडे बघितलं की नुसती पट्टी दिसायची. कागदावरच्या ८ या आकड्याकडे बघितलं, आणि पट्टी जणू विरघळली. ८ च्या मधोमध ठिपका तरंगत होता. उजवा डोळा ठिपका बघत होता, डावा कागद, आणि मेंदू दोन्ही एकावर एक ठेवत होता. मी खटका दाबला. ७ यार्डांवर पाच गोळ्या एका वाटीत मावतील एवढ्या जागेत. काही जणांच्या गोळ्या पट्टी लावल्यावर जराशा बाजूला जातात, दोन डोळ्यांची रेषा तंतोतंत जुळत नसते म्हणून, पण सराव म्हणून याला तोड नाही. मला तेव्हा रडू आलं होतं, ते कान-संरक्षकांच्या आड खपून गेलं.

नव्याने शिकणाऱ्यांना एक सांगायचंय. ठिपका थरथरतो. लोखंडी साइटवरही हात तेवढाच थरथरत असतो, पण तो इतका उघड दिसत नाही. इथे दिसतो, आणि मग माणूस ठिपका बरोबर मध्यावर येण्याची वाट बघतो आणि आला रे आला की खटका खेचतो. गोळी खाली डावीकडे. थरथरू दे. मधल्या वर्तुळात थरथरतोय ना, मग हळू दाबत राहा.

ज्यांना दृष्टिवैषम्य (अस्टिग्मॅटिझम) आहे त्यांना ठिपका गोल दिसत नाही, स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या ताऱ्यासारखा दिसतो. आमच्या ह्यांना तसाच दिसतो. फोनने काचेतून फोटो काढून बघा. फोटोत गोल आला तर दोष साइटचा नाही. चकाकी कमी केली की आकार बराच आवरतो.

आता स्क्रू. गेल्या मार्चमध्ये कागदावर माझ्या गोळ्या उजवीकडे सरकायला लागल्या. मी नेम सरकवायचा साइटवरचा स्क्रू फिरवत बसले, क्लिकमागून क्लिक. एक क्लिक म्हणजे एक एमओए (कोनाचं एक बारीक माप), म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच, २५ यार्डांवर पाव इंच, १० यार्डांवर इंचाचा दहावा भाग. १० यार्डांवर इंचभर चूक असेल तर दहा क्लिक लागतात. मी वीस देऊन बसले आणि पन्नास गोळ्या घालवल्या. शेवटी बोटाने साइट हलवून बघितली तर ती हलत होती. साइट पिस्तुलाला धरून ठेवणारे स्क्रू मीच हाताच्या चावीने अंदाजाने आवळले होते. तेव्हापासून स्क्रू आणि भोकं अल्कोहोलने पुसते, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावते, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या आकड्यावर टॉर्क पाना (किती जोराने आवळतोय ते मोजणारा) लावून आवळते, आणि स्क्रूच्या डोक्यावरून साइटच्या अंगावर पांढऱ्या पेनने एक रेघ ओढते. रेघ तुटली की स्क्रू फिरला. आणि साइट नळीच्या वर असल्यामुळे ३ यार्डांवर गोळी ठिपक्याच्या पाऊण-एक इंच खाली लागते, तेवढ्यासाठी क्लिक फिरवू नका. बॅटरी मी दरवर्षी खंडेनवमीला बदलते, संपली असो वा नसो. त्या दिवशी पिस्तूल रिकामं करून, स्वच्छ करून, आईकडून शिकले तसं हळद-कुंकू लावते. साइटच्या काचेला मात्र बोट लागू देत नाही.

भाचा एफ-१ व्हिसावर शिकायला आलाय. त्याला एकदा सोबत यायचं होतं, मी नाही म्हटलं. इथल्या केंद्रीय कायद्याने एफ-१, एच-१बी अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक जवळ बाळगायची नाही, रेंजवर भाड्याची हातात घेणंही त्यात येतं. शिकारीचा वैध परवाना असणाऱ्यांसारखे थोडे अपवाद आहेत. ग्रीनकार्डवाल्यांना ही बंदी नाही. "सगळे जातात" यावर विसंबून आपलं इथलं आयुष्य पणाला लावू नका, वकिलाला विचारा.

घरचा सराव रोज दहा मिनिटं, गोळीशिवाय. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. चेंबर डोळ्यांनी आणि बोटानेही तपासायचं. इथल्या घरांच्या आतल्या भिंती जिप्समच्या, चूक झालीच तर गोळी आरपार जाईल, म्हणून मी शेकोटीच्या विटांच्या भिंतीकडेच नेम धरते. विटेवर माझी मोठी मरून टिकली चिकटवलेली आहे. टिकलीकडे बघायचं, पिस्तूल पुढे ढकलायचं, ठिपका टिकलीवर उतरला पाहिजे. उतरला नाही तर तो शोधायचा नाही, पिस्तूल परत छातीशी आणायचं.

परवाच्या शनिवारी २५ यार्डांवर दहा गोळ्या झाडल्या. आठ काळ्या वर्तुळात, दोन बाहेर, खाली डावीकडे. कागद जवळ यायच्या आधीच मला त्या दोन माहीत होत्या, कारण गोळी सुटण्याच्या क्षणी ठिपका खाली झुकलेला मी बघितला होता. चौथी आणि नववी. कागदावर त्यांच्याशेजारी आकडे लिहिले, तारीख घातली, आणि घरी आणून टिकलीच्या बाजूला लावला.